माल परदेशीं, मालक बांधावर : पासपोर्ट व व्हिसा यांविषयीं कांहीं विचार

माघ-फाल्गुनाचे दिवस आले कीं नाशिक-सांगलीकडील बागांतून द्राक्षांनीं भरलेले थंड कंटेनर न्हावा-शेव्याच्या बंदराकडे धावूं लागतात. त्यांतील पुष्कळ माल नेदरलँडच्या रॉटरडॅम बंदरांत उतरतो व तेथून युरोपच्या बाजारांत पसरतो. या मालाबरोबर किती कागद जातात, हें आमच्या बागाईतदारांस सांगावयास नको. बागेची कृषिखात्याकडील नोंदणी, प्लॉटचा क्रमांक, फवारणीची वही, औषधांच्या अवशेषांच्या तपासणीचा अहवाल, अॅगमार्कचा दाखला, आणि शेवटीं माल रोगकिडींपासून मुक्त असल्याचा तो दाखला, ज्यास आपण नुसतें 'फायटो' म्हणतों. २००६ सालीं ग्रेपनेटची पद्धत सुरू झाली. तींतील कागदांचा कंटाळा कोणास आला नसेल? परंतु आज तोच बागाईतदार आपल्या प्लॉटचा क्रमांक तोंडपाठ सांगतो.

आतां याच बागाईतदारास विचारावें कीं, तुमचा पासपोर्ट कोठें आहे? उत्तर बहुधा असें मिळतें कीं, "आम्हांस कोठें जावयाचें आहे?" द्राक्षाच्या घडापाशीं परदेशीं जाण्याचे सर्व कागद आहेत, तो पिकविणाऱ्या धन्यापाशीं मात्र एकही नाहीं. हा विपर्यास आम्हांस बोंचतो, व त्याविषयीं चार शब्द स्पष्टपणें लिहिणें अवश्य वाटतें.

परदेशीं जावयाचें कशास, असा प्रश्न पहिल्यानें येईल. मौजेखातर जाणाऱ्यांस आमचा विरोध नाहीं. पण आमचें सांगणें निराळें आहे. २०१० सालीं आमच्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अवशेष सांपडले व युरोपांत माल अडकला. तेव्हां किती घरांच्या तोंडचें पाणी पळालें, हें जाणत्यांस आठवत असेल. आपण ज्या बाजारासाठीं पिकवितों त्या बाजाराचे डोळे कशावर असतात, हें आपणांस संकट आल्यावर कळलें. ज्यानें तेथील गोदामांत उभें राहून मण्यांचा आकार मोजतांना, देंठ पाहतांना व पेटी नाकारतांना स्वतः पाहिलें आहे, त्यास पुढील हंगामांत छाटणीपासून फवारणीपर्यंत कोणी उपदेश करावा लागत नाहीं. ऐकीव ज्ञान व पाहिलेलें ज्ञान यांत कोरडवाहू व बागाईत यांइतकें अंतर आहे.

प्रवासाच्या कागदाचें मोल काय, हें समजण्यास आपल्याच प्रांतांतील एका थोर शेतकीतज्ज्ञाचें चरित्र पुरेसें आहे. वर्ध्याकडील पांडुरंग सदाशिव खानखोजे अमेरिकेंत शेतकी शिकले, क्रांतिकार्यांत पडले, व त्यामुळें इंग्रज सरकारच्या काळ्या यादींत गेले. १९२४ पासून ते मेक्सिकोंत राहिले. तेथील चापिंगोच्या राष्ट्रीय शेतकी विद्यालयांत त्यांनीं विद्यार्थी घडविले व मक्यावर आणि गव्हावर संशोधन केलें. तेथील शेतकरी त्यांस मानीत. परंतु मायदेशाची वाट त्यांस बंद होती. ती उघडण्यास स्वराज्य यावें लागलें, व १९४९ सालीं ते परत येऊं शकले. १९६७ च्या जानेवारींत नागपुरास त्यांचें निधन झालें.

योगायोग असा कीं, त्याच १९६७ सालच्या एप्रिलांत सर्वोच्च न्यायालयानें सतवंतसिंग सहानी यांच्या दाव्यांत निकाल दिला कीं, परदेशीं जाण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमांतील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. सरकारच्या लहरीवर तो अवलंबून नाहीं. त्यानंतर त्याच वर्षीं पासपोर्टचा कायदा झाला, व १९७८ च्या मेनका गांधी यांच्या दाव्यानें हा हक्क अधिक दृढ झाला. पूर्वी जो कागद मर्जीनें मिळे, तो आज कायद्यानें मिळतो. त्यासाठीं कोणाची शिफारस नको कीं कोणाचे उंबरठे झिजविणें नको. कायद्यानें नाकारण्याचीं कारणें ठरवून दिलेलीं आहेत, व तीं आपणांस लागू नसतील तर कागद नीट असणें एवढेंच पुरे.

येथें पासपोर्ट व व्हिसा यांतील भेद ध्यानांत घ्यावा, कारण पुष्कळांच्या मनांत त्यांची गल्लत असते. पासपोर्ट हा आपल्या घरचा दाखला आहे. 'हा मनुष्य आमचा' असें आपलें सरकार त्यांत सांगतें. व्हिसा म्हणजे दुसऱ्याच्या दारावरील होकार. पहिला आपला हक्क आहे; दुसरा यजमानाच्या इच्छेवर आहे. म्हणून पहिल्याविषयीं आळस करणें हा आपला दोष, व दुसऱ्याविषयीं तयारी न करणें हाही आपलाच दोष.

प्रथम पासपोर्टाकडे वळूं. पूर्वी त्यासाठीं मोठ्या शहराच्या कचेरींत खेपा घालाव्या लागत. २०१७ पासून टपाल कचेऱ्यांतूनही पासपोर्ट सेवा केंद्रें उघडलीं गेलीं, व जिल्ह्याजिल्ह्यांतील लोकांची पुष्कळ सोय झाली. प्रौढ मनुष्यास ३६ पानांचा, दहा वर्षें मुदतीचा पासपोर्ट १,५०० रुपये फी भरून मिळतो. तांतडीनें हवा असल्यास आणखी २,००० रुपये पडतात. एका फवारणीच्या खर्चापेक्षां ही रक्कम मोठी नाहीं. अडचण पैशाची नसून कागदांच्या मेळाची आहे.

आमच्या घरांतील कागद एकमेकांशीं बोलत नाहींत, हें खरें दुखणें आहे. सातबाऱ्यावर 'बाळू', शाळेच्या दाखल्यावर 'बाळकृष्ण', आधारपत्रावर 'बाळासाहेब', आणि बँकेंत इंग्रजी अक्षरांत आडनांवाला एक अक्षर कमी किंवा अधिक! जन्मतारखेची कथा तर सर्वांस ठाऊकच आहे. शाळेंत नांव घालतांना गुरुजींनीं १ जून लिहून टाकल्यामुळें गांवोगांवच्या अर्ध्या पिढीचा वाढदिवस एकाच दिवशीं येतो. तारीख खरी नसली तरी चालेल कीं काय, ही चर्चा आतां व्यर्थ आहे. पण ती सर्व कागदांवर एकच असली पाहिजे. नव्या पिढीविषयीं तर नियम कडक झाला आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजीं वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांस जन्मनोंदीच्या दाखल्याशिवाय जन्मतारखेचा दुसरा पुरावा चालत नाहीं. तेव्हां नातवंडाच्या बारशाच्या गडबडींत ग्रामपंचायतींतील जन्मनोंदीचा विसर पडूं देऊं नये.

पत्त्याच्या पुराव्याचीही एक बाब आहे. छायाचित्र असलेलें बँकेचें पासबुक पुरावा म्हणून चालतें. परंतु तें अनुसूचित सरकारी व खाजगी बँकांचें किंवा प्रादेशिक ग्रामीण बँकेचें असावें लागतें. ज्याचा सर्व व्यवहार सोसायटींत व जिल्ह्याच्या सहकारी बँकेंत आहे, त्यानें त्या पासबुकावर विसंबून राहूं नये. आधारपत्र किंवा वीजबिल यांवरील पत्ता आधींच नीट करून घ्यावा. घरांतील स्त्रियांच्या नांवाचा प्रश्न याहून नाजूक आहे. माहेरचें नांव ठेवावयाचें कीं सासरचें, याची निवड कायदा त्यांच्यावर सोपवितो; पण अर्धे कागद एका नांवाचे व अर्धे दुसऱ्या नांवाचे ठेवून त्यांस खिडकीपाशीं उभें करणें हा अन्याय आहे.

महाराष्ट्र सरकारची शेतकऱ्यांच्या परदेश अभ्यासदौऱ्याची योजना आहे, व तींत खर्चाच्या निम्म्यापर्यंत, ठराविक मर्यादेंत, अनुदान मिळतें. पासपोर्ट जवळ असणें ही त्या योजनेची एक अट आहे. योजनेची बातमी आल्यावर पासपोर्टाचा अर्ज करणें म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर बांध घालणें होय. आमचें मत असें कीं, सातबारा व पीककर्जाचें पुस्तक जसें घरांत असतें, तसा पासपोर्टही घरांत असावा. मग जाणें घडो वा न घडो.

आतां व्हिसाचें पाहूं, कारण खरी ठेंच तेथें लागते. युरोपांतील २९ देश शेंगेन व्यवस्थेंत एकत्र आले आहेत, व त्यांच्यासाठीं एकच व्हिसा चालतो. जेथें मुख्य मुक्काम त्या देशाकडे अर्ज करावयाचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षां आधीं करतां येत नाहीं, व निदान पंधरा दिवस आधीं करावा लागतो. निर्णयास सामान्यतः पंधरा दिवस लागतात. कांहीं प्रसंगीं पंचेचाळीसपर्यंत जातात. पासपोर्ट मागील दहा वर्षांतील असून परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा व दोन कोरीं पानें असलेला हवा. ३०,००० युरोपर्यंत वैद्यकीय खर्च भागविणारा विमा हवा. जून २०२४ पासून प्रौढांस ९० युरो फी आहे, व व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाहीं. दुसऱ्या देशांचे नियम वेगळे आहेत व तेही बदलत असतात. म्हणून ते दलालाच्या तोंडून न ऐकतां त्या त्या वकिलातीच्या सूचनांवरून पाहावेत.

परंतु या सर्व अटींच्या मुळाशीं दोनच प्रश्न आहेत. हा मनुष्य आपला खर्च आपण करील काय? आणि हा मुदतींत परत जाईल काय? नकाराच्या छापील पत्रांत जीं कारणें असतात त्यांत एक असें आहे कीं, मुदत संपण्यापूर्वीं परत जाण्याच्या आपल्या हेतूविषयीं रास्त शंका आहे. हें वाक्य शेतकऱ्यास उद्देशून यावें, यासारखा दैवदुर्विलास नाहीं! नोकर नोकरी बदलतो, व्यापारी दुकान हलवितो. पण ज्याचें सर्वस्व जमिनींत पुरलेलें आहे, ज्याच्या बागेची एप्रिलची छाटणी त्याच्याशिवाय होत नाहीं, तो कोठें पळून जाणार? मातीशीं याहून घट्ट नातें कोणाचें आहे? आणि तरीही हेंच नातें त्यास कागदावर दाखवितां येत नाहीं.

आमच्या परिचयाच्या एका बागाईतदारांची हकीकत सांगतों. अकरा एकर द्राक्ष, कर्ज वेळेवर फेडणारे, घरीं ट्रॅक्टर, मुलगी वैद्यकीय शिक्षण घेत असलेली. युरोपांतील एका फळप्रदर्शनास जाण्यासाठीं त्यांनीं अर्ज केला, व तो नाकारला गेला. त्यांस मोठा अपमान वाटला. आम्हीं त्यांची कागदांची पिशवी उघडून पाहिली. सातबारा वडिलांच्या नांवावर. यांचें नांव त्यावर नाहीं. तीन वर्षांचीं प्राप्तिकराचीं विवरणपत्रें मागितलीं होतीं. यांनीं एकही कधीं भरलें नव्हतें. बचतखात्यांत वर्षभर किरकोळ शिल्लक, आणि अर्जापूर्वीं आठ दिवस मेहुण्याकडून उसने आणलेले पांच लाख रुपये एकदम जमा. द्राक्षाच्या विक्रीचा निम्मा पैसा रोखीनें आलेला. आणि जोडीस तहसील कचेरीचा उत्पन्नाचा दाखला, जो पूर्वी मुलीच्या फीच्या सवलतीसाठीं काढलेला होता व ज्यावर वर्षाचें उत्पन्न एवढें थोडें होतें कीं, त्यांत विमानाचें तिकीटही आलें नसतें!

वकिलातींतील त्या अनोळखी अधिकाऱ्यानें काय समजावें? एका हातांत गरिबीचा दाखला व दुसऱ्या हातांत श्रीमंतीचें पासबुक घेऊन आपण त्याच्यापुढें उभे राहतों. तो आपली बाग पाहावयास येत नाहीं; तो कागद पाहतो. त्यानें केलेला नकार आम्हांस कडू वाटला, पण तो अन्याय होता असें आम्हांस म्हणवत नाहीं.

यावर आमची सूचना अशी कीं, ज्यास शेतींतून बऱ्यापैकीं शिल्लक राहते, त्यानें कर लागू नसतांही दरवर्षीं प्राप्तिकराचें विवरणपत्र भरावें व त्यांत शेतीचें उत्पन्न खरें दाखवावें. ही सूचना कित्येकांस रुचणार नाहीं, हें आम्ही जाणतों. ते म्हणतील, कर नाहीं तर विवरण कशास? उत्तर असें कीं, तें सरकारसाठीं नव्हे, आपल्या पतीसाठीं भरावयाचें. दुसरे म्हणतील, आज आकडा सांगितला तर उद्यां कर बसेल. हें भय अनाठायीं आहे. शेतीच्या उत्पन्नावर कर बसविण्याचा अधिकार घटनेनें राज्यांकडे ठेवला आहे. केंद्राच्या प्राप्तिकरांतून हें उत्पन्न मुक्त आहे, व तें विवरणपत्रांत करमुक्त म्हणूनच दाखविलें जातें. मात्र ज्याचें इतर उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर आहे, त्याच्या बाबतींत ५,००० रुपयांवरील शेतीचें उत्पन्न दर ठरविण्यापुरतें हिशेबांत धरतात. अशानें जाणत्याचा सल्ला घ्यावा. तिसरे म्हणतील, हिशेब कोण ठेवणार? ज्यांनीं फवारणीची वही तारीखवार ठेवून दाखविली, त्यांनीं हें म्हणूं नये.

एक गोष्ट स्पष्ट करणें अवश्य आहे. ज्याच्या घरांत वर्षाअखेर शिल्लकच राहत नाहीं, त्या शेतकऱ्यास विवरणपत्राचा उपदेश करणें हें क्रौर्य होईल. आमचें बोलणें त्यांच्याशीं नाहीं. ज्यांस परदेशीं जाण्याची ऐपत आहे, पण ऐपतीचा पुरावा नाहीं, त्यांच्याशीं आहे.

याच्याच जोडीस आणखी दोन कामें आहेत. विक्रीचा पैसा, मग तो कारखान्याच्या उसाच्या बिलाचा असो, दूधसंघाचा असो कीं व्यापाऱ्याचा असो, बँकेंतूनच यावा. हिशेबपट्ट्या जपून ठेवाव्या. आणि जो प्रत्यक्ष शेती करतो त्याचें नांव सातबाऱ्यावर असावें. वडिलांच्या हयातींत मुलाचें नांव लावणें म्हणजे वांटणी मागणें, असा समज घरोघर आहे. तो समजुतीनें दूर करावा. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनें लक्ष्मीमुक्तीची हांक देऊन पत्नीच्या नांवें जमीन करण्यास सांगितलें, त्याचा उद्देश याहून फार मोठा होता. पण त्या हांकेस ज्यांनीं ओ दिली, त्यांच्या घरच्या लक्ष्मीस आज व्हिसाच्या खिडकीपाशींही आपल्या जमिनीचा कागद दाखवितां येतो, हें त्या पुण्याचें एक लहानसें फळ आहे.

सरकारलाही आमचें सांगणें आहे. सातबारा म्हणजे काय, हें परदेशी वकिलातींस कळण्याची सोय नाहीं. तालुका कृषि अधिकाऱ्याच्या सहीनें शेतकऱ्याची जमीन, पीक, निर्यातनोंदणी व मागील तीन हंगामांची विक्री दाखविणारा एक इंग्रजी दाखला ठराविक नमुन्यांत मिळूं लागला, व त्याची माहिती वकिलातींस दिली गेली, तर पुष्कळ काम सुकर होईल. जें द्राक्षासाठीं करतां आलें तें द्राक्षवाल्यासाठीं करणें अशक्य नाहीं. आणि आमच्यासारख्या संघांनींही एक कारकून या कामांत तयार करावा, म्हणजे सभासद दलालाच्या दारीं जाणार नाहीं. खोटें नोकरीपत्र व खोटी शिल्लक जोडून देणारा दलाल फी घेऊन मोकळा होतो. खोट्या कागदाचा डाग मात्र अर्जदाराच्या नांवावर राहतो व पुढील अर्जांतही आडवा येतो.

शेवटीं परतण्याविषयीं. २०२३ च्या फेब्रुवारींत केरळ सरकारनें शेतकऱ्यांचा एक गट इस्रायलची शेती पाहण्यास पाठविला होता. त्यांतील एक शेतकरी मध्येंच गटांतून नाहींसा झाला. कांहीं दिवसांनीं तो परत आला व पवित्र स्थळें पाहण्यास गेलों होतों असें म्हणाला. परंतु तेवढ्या दिवसांत त्या सरकारास व सोबत्यांस खालीं पाहावें लागलें. व्हिसावर जाणारा मनुष्य एकटा जात नाहीं. त्याच्यामागून जाऊं इच्छिणाऱ्या सर्वांची अब्रू तो खिशांत घेऊन जातो. पाहुणा म्हणून गेलेल्यानें तेथें मजुरी शोधूं नये, मुदतीबाहेर एक दिवस राहूं नये, व घरीं येऊन जें पाहिलें तें चार शेजाऱ्यांस सांगावें. आपल्या तरुणांस परदेशीं काम करावयाचें असेल तर त्यासाठीं निराळा व्हिसा आहे. तो सरळ मार्गानें मिळवावा.

येत्या हंगामांत पुन्हां कंटेनर निघतील, पुन्हां फायटोसाठीं धांवपळ होईल. त्या धांवपळींतून एक दिवस काढून प्रत्येक वाचकानें आपल्या घरची कागदांची पिशवी उघडावी, सर्व कागद ओळीनें मांडावे, व त्यांवरील नांवें आणि तारखा एकमेकांशीं ताडून पाहाव्या. जेथें मेळ नसेल तेथें दुरुस्तीचा अर्ज त्याच आठवड्यांत करावा. आमच्या द्राक्षानें कागदाच्या बळावर सातासमुद्रापलीकडे मान मिळविला आहे. तो पिकविणाऱ्यानें त्याच्या मागें राहूं नये, एवढीच आमची इच्छा आहे.